मुलीचा वाटा गेला कुठं? वारसा कायदा, संपत्तीचं नियोजन आणि मोजमापाचा प्रश्न

दोन सख्ख्या बहिणी आहेत असं समजा. गाव उदगीर तालुक्यातलं. थोरलीचं लग्न १९९४ च्या मे महिन्यात, उन्हाळ्याच्या लगीनसराईत झालं. धाकटीचं त्याच वर्षी तुळशीचं लग्न लागल्यावर, डिसेंबरात. आईवडील तेच, भाऊ तेच, शेत तेच. तरी कायद्याच्या हिशोबात या दोघी वेगळ्या झाल्या. वडिलोपार्जित जमिनीत धाकटी भावाइतकी वाटेकरी झाली, थोरली झाली नाही.

कारण मधे २२ जून १९९४ ही तारीख आली. त्या दिवशी हिंदू वारसा कायद्यातली महाराष्ट्राची दुरुस्ती लागू झाली. तिने मुलीला जन्मानेच वाटा दिला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना बाहेर ठेवलं. पुढे केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला आली, तिच्यात लग्नाची ही अट नव्हती. म्हणजे जवळपास अकरा वर्षं या दोन बहिणींमध्ये फरक होता तो फक्त लग्नाच्या तारखेचा.

अशी तारीख दिसली की संशोधन करणाऱ्याचे कान टवकारतात. आपण माणसांवर प्रयोग करू शकत नाही. निम्म्या मुलींना हक्क द्या आणि निम्म्यांना देऊ नका, असं कोणाला सांगता येत नाही. इथे कायद्यानेच तो प्रयोग करून ठेवलाय.

मी विज्ञानाची विद्यार्थिनी आहे, वारसा कायदा हा काही माझ्या पीएचडीचा विषय नाही. पण कोर्सवर्कला रिसर्च मेथडॉलॉजी शिकताना 'परिणाम मोजायचा म्हणजे नेमकं काय मोजायचं' हे मला याच विषयावरच्या दोन शोधनिबंधांमुळे नीट कळलं. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिस लिहायला बसला असाल तर हे तुमच्याही उपयोगाचं आहे, विषय कुठलाही असो.

आधी 'नियोजन' म्हणजे काय ते बघू

'इस्टेट प्लॅनिंग' हा शब्द आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या बँकांच्या जाहिरातीत दिसतो. लातूर-नांदेडला यासाठी साधा शब्द आहे: 'हयातीतच नावावर करून ठेवणं'. ज्यांच्याकडे बागायत, दवाखाना, क्लासची इमारत, मोंढ्यात आडत दुकान आणि रिंगरोडला दोन प्लॉट आहेत, ते हे करतातच. साधनं साधारण अशी:

- मृत्युपत्र. लिहिणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही. माणूस गेल्यावर लागू होतं, तोवर कितीही वेळा बदलता येतं.
- बक्षीसपत्र. हयातीतच मालकी बदलते. जमीन किंवा घर असेल तर नोंदणी लागतेच. स्वकष्टाची मिळकत अशी देता येते. एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित जमीन साधारणपणे एकट्या बापाला अशी देऊन टाकता येत नाही.
- वाटणीपत्र. सगळे वाटेकरी मिळून जमीन वाटून घेतात. तहसीलदाराकडे महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप होतं ते याच जातीचं.
- हक्कसोडपत्र. वाटा असलेला माणूस आपला वाटा दुसऱ्या वाटेकऱ्यासाठी सोडून देतो. आपल्याकडे हा 'माणूस' बहुतेक वेळा बहीण असते.
- खाजगी ट्रस्ट आणि विमा. हे जरा वरच्या थरातलं. १८८२ च्या विश्वस्त कायद्याखाली मिळकत विश्वस्तांच्या हाती द्यायची आणि फायदा कोणाला, कधी, किती ते आधीच लिहून ठेवायचं. किंवा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली बायको-मुलांसाठी पॉलिसी घ्यायची, म्हणजे धंदा बुडाला तरी देणेकऱ्यांचा हात सहसा तिथपर्यंत पोचत नाही.

परदेशातलं या विषयावरचं पुस्तक उघडलं तर त्यात अर्ध्याहून जास्त पानं कराबद्दल असतात. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये मोठ्या वारशावर ४० टक्क्यांपर्यंत कर लागतो, तेव्हा तिथला सगळा खटाटोप तो वाचवण्याचा. भारतातही १९५३ पासून मृत्यूनंतरच्या मिळकतीवर कर होता, सगळ्यात वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत गेलेला होता. १९८५ साली तो रद्द झाला. तेव्हापासून आपल्याकडे वारसा कर नाही. मग श्रीमंत घरं नियोजन कशासाठी करतात? बऱ्याच अंशी घरातल्याच माणसांचे दावे कोणाला किती पोचावेत हे ठरवण्यासाठी. म्हणून आपल्याकडे या विषयाचा खरा अभ्यास करायचा तर भाऊ-बहिणीच्या नात्यापाशीच यावं लागतं.

एक हिशोब

समजा वडिलोपार्जित कोरडवाहू जमीन ३६ एकर. वडील, दोन मुलगे, एक मुलगी. हिशोब सोपा राहावा म्हणून आई आधीच वारली आहे असं धरू.

जुना कायदा, म्हणजे १९५६ चा: जन्माने वाटेकरी फक्त पुरुष. वकील ज्याला कोपार्सनर म्हणतात तो. वडील आणि दोन मुलगे, प्रत्येकी १२ एकर. वडील गेले की त्यांचे १२ एकर तिघा मुलांत समान, प्रत्येकी ४. म्हणजे मुलगे १६-१६ एकर, मुलगी ४ एकर. आणि वडिलांनी आपला हिस्सा मृत्युपत्राने मुलग्यांना दिला असेल तर मुलगी शून्य.

नवा कायदा: जन्माने वाटेकरी चार. प्रत्येकी ९ एकर. वडील गेले की त्यांचे ९ एकर तिघांत, प्रत्येकी ३. सगळ्यांना १२-१२. वडिलांनी मृत्युपत्र करून आपला हिस्सा मुलग्यांनाच दिला तरी मुलीचे ९ एकर राहतात. ते वडिलांचे नाहीतच, तिचे आहेत.

म्हणजे मृत्युपत्र नसलं तर कागदावर ४ चे १२ झाले, मृत्युपत्र असलं तर शून्याचे ९. एवढा मोठा बदल असेल तर तो सातबाऱ्यावर दिसायला हवा. आता ज्याला मुलीला जमीन द्यायचीच नाही अशा बापाच्या जागी बसून बघा. मृत्युपत्राची वाट अरुंद झाली. पण बाकीच्या वाटा उघड्या आहेत: हयातीतच वाटणी, बहिणीकडून हक्कसोड, नवीन जमीन घ्यायची ती थेट मुलग्यांच्या नावाने, स्वकष्टाचं जेवढं आहे ते बक्षीसपत्राने. आणि ज्याच्याकडे स्वकष्टाचं जास्त आहे, डॉक्टर म्हणा, क्लासवाला म्हणा, ठेकेदार म्हणा, त्याला तर या दुरुस्तीचा धक्काच कमी बसतो, कारण ती फक्त वडिलोपार्जित एकत्र मिळकतीबद्दल बोलते. घर जितकं सधन, तितक्या वाटा जास्त.

कायदा करणाऱ्यांना हे माहीत नसतं असं नाही. महाराष्ट्राच्या जमीन कमाल मर्यादा कायद्यात १९७५ साली मर्यादा खाली आणली, कोरडवाहूला ५४ एकर, बारमाही बागायतीला १८ एकर. तेव्हाच २६ सप्टेंबर १९७० नंतर झालेली हस्तांतरणं आणि वाटण्या कायदा चुकवण्यासाठीच केल्या असं गृहीत धरायची तरतूद केली होती. २००५ च्या दुरुस्तीतही तसंच: २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेल्या वाटण्यांना हात लावायचा नाही, पण त्याही नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेल्या असल्या तरच, त्यानंतरच्या वाटण्यांना हे संरक्षण नाही. २० डिसेंबर २००४ म्हणजे ते विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं तो दिवस. विधेयक मांडल्यापासून कायदा होईपर्यंत घाईघाईने किती वाटण्या होतील हे त्यांनी आधीच ओळखलेलं होतं.

दोन शोधनिबंध, दोन उत्तरं

आता मूळ प्रश्न. दुरुस्तीनंतर मुलींना खरंच जमीन मिळाली का?

पहिला निबंध क्लाउस डायनिंगर, अपर्णा गोयल आणि हरी नागराजन यांचा, २०१३ साली जर्नल ऑफ ह्यूमन रिसोर्सेसमध्ये आलेला. त्यांनी तीन पिढ्यांच्या वारशाची माहिती वापरली. तुलना साधी आहे: एकाच घरातला मुलगा आणि मुलगी, आणि वडील दुरुस्तीच्या आधी वारले की नंतर. उत्तर असं आलं: मुलीला जमीन मिळण्याची शक्यता ठळकपणे वाढली, पण मुलगा-मुलगी भेद बराच उरला. शिवाय मुलींचं शिक्षण वाढलं.

दुसरा संचारी रॉय यांचा, २०१५ साली जर्नल ऑफ डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्समध्ये आलेला. वेगवेगळ्या राज्यांत दुरुस्ती वेगवेगळ्या वर्षी आली, त्याचा त्यांनी उपयोग केला. उत्तर असं: मुलींना प्रत्यक्ष जमीन मिळण्याची शक्यता वाढली नाही. आईवडील हयातीतच मुलग्यांना जमीन बक्षीस देऊन कायद्याला वळसा घालताना दिसले. मात्र मुलींना त्याची भरपाई म्हणून जास्त हुंडा किंवा जास्त शिक्षण मिळालं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, दोघांपैकी एक चूक असणार. परीक्षेची सवय असते ना, एकच पर्याय बरोबर. पण संशोधनात असे दोन निबंध समोर आले की 'कोण चूक' असं विचारायच्या आधी 'कोणी काय मोजलं, कोणाची तुलना कोणाशी केली' हे विचारायचं. तुलना वेगळी, राज्यं वेगळी, बघितलेल्या पिढ्या वेगळ्या. आणि नीट बघितलं तर एका गोष्टीवर दोघंही एकमत आहेत: मुलींचं शिक्षण वाढलं.

इथे मास बॅलन्स उपयोगी पडतो

बीएस्सीला आपण सगळ्यांनी केलेलं असतं. जेवढं आत गेलं तेवढं बाहेर पडलं पाहिजे किंवा आत साठलं पाहिजे. हिशोब लागला नाही तर कुठेतरी गळती आहे किंवा एखादी नळी आपण मोजलीच नाही.

घराची संपत्ती अशीच बघा. मुलीकडे जाणाऱ्या नळ्या तीन-चार आहेत: जमीन, लग्नातला खर्च आणि हुंडा, शिक्षण, कधी रोख किंवा दागिने. मुलग्याकडे जाणाऱ्या नळ्याही अनेक: वारसा, बक्षीस, हयातीतली वाटणी, त्याच्या नावाने झालेली खरेदी. कायद्याने यांतली एकच नळी बदलली. आपण फक्त त्याच नळीवर मीटर बसवलं तर आकडा दिसेल, पण पाणी कुठे वळलं ते कळणार नाही.

उदाहरणार्थ, वडील गेल्यानंतरच्या वारसनोंदीच मोजल्या, आणि त्याआधीच निम्मी जमीन मुलग्यांना बक्षीस दिलेली असली, तर उरलेल्या जमिनीत मुलीचं नाव लागलेलं दिसेल. टक्का सुंदर येईल. प्रत्यक्षात वाटायला राहिलेली जमीनच कमी झालेली असेल. भागाकारात वरचा आकडा वाढला की खालचा कमी झाला, हे तपासल्याशिवाय टक्केवारीवर विश्वास ठेवू नका. हा धडा प्रयोगशाळेतही तितकाच लागू आहे.

आणि एक सावधगिरी. मास बॅलन्स रुपयांत जुळला म्हणजे न्याय झाला असं नाही. 'तिचा वाटा लग्नात दिला' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. पण हुंडा तिच्या हातात जात नाही, सासरी जातो. देणं-घेणं दोन्ही १९६१ पासून गुन्हा आहे, त्यामुळे त्याची पावतीही नसते. जमीन तशीच राहते, शहर वाढलं की तिचा भाव वाढतो, तिच्यावर पीककर्ज मिळतं, आणि वेळ आली तर परतून यायला जागा असते. दोन नळ्यांतून समान रुपये गेले तरी त्यांतून मिळणारी सत्ता समान नसते. म्हणून किती गेलं याच्याइतकंच कोणत्या रूपात गेलं हेही मोजायला लागतं.

बीना अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली नऊ राज्यांच्या आकडेवारीवरून दाखवलं की ग्रामीण भूधारक घरांत जमीनमालकांपैकी स्त्रिया जेमतेम १४ टक्के आहेत आणि त्यांच्याकडे ११ टक्के जमीन आहे. त्यातही बहुतेकींना ती सासरकडून, विधवा म्हणून मिळालेली. मुलगी म्हणून माहेरची जमीन मिळालेल्या कमीच. मीटर कुठे बसवायचं याचं याहून चांगलं उदाहरण नाही. 'स्त्रियांच्या नावे जमीन' एवढाच रकाना ठेवला तर विधवा आणि मुलगी एकाच आकड्यात मिसळून जातात.

सगळ्यात वाईट वाट

तिसरा निबंध मी जरा घाबरतच वाचला. सोनिया भालोत्रा, रेचल ब्रुले आणि संचारी रॉय यांचा, २०२० चा. त्यांचा प्रश्न होता: वारसा हक्कामुळे मुलगाच हवा ही ओढ कमी झाली का? उत्तर उलटं आलं. ज्या घरांत पहिली मुलगी होती तिथे दुरुस्तीनंतरच्या जन्मांत मुलगी असण्याची शक्यता ३.८ ते ४.३ टक्के-बिंदूंनी कमी झाली. मुलींचे बालमृत्यूही वाढले.

म्हणजे नियोजनाची एक वाट अशीही निघाली की वाटेकरी जन्मालाच येऊ द्यायची नाही.

यावरून 'कायदा करायलाच नको होता' असा निष्कर्ष काढणारे भेटतील. तो चूक आहे. निबंध सांगतो की हक्क दिला आणि बाकीच्या वाटा तशाच ठेवल्या तर काय होतं. हक्क देऊ नका असं तो सांगत नाही. आपण काय मोजलं आणि त्यावरून काय म्हणता येतं, यांतली रेघ ठळक ठेवायची, हा प्रत्येक डिस्कशन चॅप्टरचा नियम आहे.

आपल्या दारातला प्रयोग: देगलूर आणि जुक्कल

आता जरा नकाशा बघू. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नांदेड, आजच्या लातूरचा भाग, बीदर, निजामाबाद, आदिलाबाद हे सगळं एकाच हैदराबाद राज्यात होतं. त्या दिवशी भाषेनुसार राज्यं झाली. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कलं आंध्र प्रदेशात गेली, मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा, कुबीर ही सर्कलंही गेली. उलट आदिलाबादमधला किनवट तालुका इकडे आला. बीदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तेव्हाच्या उस्मानाबादला जोडले गेले आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाला तेव्हा त्यात आले.

आता तारखा जोडा. आंध्र प्रदेशाने मुलींना समान वाटा ५ सप्टेंबर १९८५ पासून दिला. महाराष्ट्राने जून १९९४ मध्ये, कर्नाटकाने त्याच वर्षी जुलैत. म्हणजे एकेकाळी एकाच तालुक्यात असलेल्या दोन गावांपैकी जुक्कलकडच्या मुलीला हक्क मिळाला, आणि देगलूरकडची मुलगी जवळजवळ नऊ वर्षं थांबली.

इथे 'फरकातला फरक', म्हणजे डिफरन्स-इन-डिफरन्स, ही पद्धत लागू होते. समजा (हे आकडे निव्वळ समजावण्यासाठी आहेत) १९८५ च्या आधी दोन्हीकडे १०० पैकी ४ मुलींना माहेरची जमीन मिळत होती. १९९३ ला देगलूरकडे ५ झाल्या, जुक्कलकडे ९. देगलूरची १ ची वाढ कायद्याशिवाय झालेली, ती काळाची. जुक्कलची वाढ ५. त्यातून काळाची १ वजा केली की ४ उरतात, तो कायद्याचा परिणाम. गृहीतक एकच: कायदा आला नसता तर दोन्हीकडे बदल सारखाच झाला असता.

हे गृहीतक तपासायला उदगीर आणि बीदरची सीमा कामाला येते. तिथे दोन्हीकडे कायदा साधारण एका महिन्याच्या अंतराने आला. म्हणून १९८५ ते १९९३ या काळात तिथे फरक पडायलाच नको. पडला, तर आपण कायद्याच्या नावाखाली राज्याराज्यांतलं दुसरंच काहीतरी मोजतोय. याला प्लासिबो चाचणी म्हणतात: औषध न देता गोळी द्यायची आणि ताप उतरतो का ते बघायचं. तसंच, हा कायदा मुस्लीम कुटुंबांना लागू नाही. त्याच गावांतल्या मुस्लीम घरांत त्याच वर्षांत काय झालं, ही आणखी एक तुलना नांदेड-लातूरला सहज उपलब्ध आहे.

आता गाईड विचारतील ते प्रश्न आपणच विचारू.

एक, १९५६ ची रेघ चिठ्ठ्या टाकून ओढलेली नव्हती, भाषा बघून ओढली होती. भाषेबरोबर लग्नाच्या चालीरीती बदलतात. मुलगी जवळच्या गावात किंवा नात्यात दिली जाते तिथे तिला जमीन देणं घरच्यांना सोपं वाटतं, असं बीना अग्रवाल यांनी १९९४ सालच्या 'अ फील्ड ऑफ वन्स ओन' या पुस्तकात मांडलंय. दोन, एन. टी. रामाराव सरकारने १९८४ साली गावकामगारांची जुनी पाटील-पटवारी पद्धत मोडली. म्हणजे आंध्रात नोंदी ठेवणारे हातच त्या सुमारास बदलले. वाढ खरी की नोंदीची? तीन, आपल्याकडेही १९९४ च्या आधी शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्ती मोहीम होती, पुरुषांनी स्वखुशीने बायकोच्या नावे जमीन करण्याची. आणि १९९४ सालीच राज्याचं महिला धोरण आलं, त्याच सुमारास पंचायतीत महिलांसाठी राखीव जागा आल्या. सगळंच एकदम बदललं तर श्रेय कोणाला द्यायचं? चार, सीमेपलीकडे रोटीबेटी व्यवहार आहेच. जुक्कलची मुलगी देगलूरला नांदत असेल तर तिला कुठे मोजायचं? उत्तर: जमीन जिथे आहे तिथे.

हे प्रश्न आले म्हणून प्रस्ताव पडत नाही. उलट ते प्रस्तावात आधीच लिहिलेले असले तर तो उभा राहतो.

माहिती कुठून आणायची

सातबारा आज मालक कोण ते सांगतो. कसा झाला ते सांगतो फेरफार. गाव नमुना सहामध्ये प्रत्येक बदलाचं कारण लिहिलेलं असतं: वारस, वाटणी, बक्षीस, हक्कसोड, खरेदी. आपल्याला हव्या त्या सगळ्या नळ्या तलाठ्याच्या एकाच वहीत आहेत. १९८० ते २०१० चे फेरफार घ्या, प्रकारानुसार मोजा, आणि १९९४ व २००५ च्या आजूबाजूला वारसनोंदीत मुलींची नावं वाढली का, आणि त्याच वेळी बक्षीस, वाटणी, हक्कसोड वाढली का, ते एकत्र बघा. एकच बघितलं तर अर्धं चित्र. नोंदणीकृत दस्तांसाठी नोंदणी विभागाची सूची क्रमांक दोन आहे. मराठवाड्यात मागे जायचं तर खासरा पाहणी पत्रक.

अडचणीही आहेत. जुने फेरफार हाताने लिहिलेले. मुलीचं नाव माहेरचं की सासरचं, ते जुळवायला वेळ जातो. मुलीचं नाव आधी लागलं आणि महिन्याभरात हक्कसोडीने कमी झालं, असं दिसलं तर ते 'मिळाली' मध्ये धरायचं की 'नाही मिळाली' मध्ये? हे आधी ठरवून लिहून ठेवा, आकडे बघितल्यावर नाही. आणि ही खऱ्या घरांची माहिती आहे. नावं काढून टाका, गट नंबर झाका, नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या. एखाद्या गावातलं भांडण तुमच्या तक्त्यामुळे पुन्हा पेटता कामा नये.

फेरफार जे सांगत नाही ते माणसांना विचारावं लागतं. हक्कसोडीवर सही करताना तिला वाचून दाखवलं होतं का? वाटा मागितला तर माहेर तुटेल ही भीती होती का? दिवाळीला भाऊ घ्यायला येतो, आजारपणात धावून येतो, हे ती जमिनीच्या बदल्यात राखतेय का? यातली काही हक्कसोडपत्रं दबावाची असतील, काही प्रेमाची, काही दोन्हींची. दस्तावर सगळ्यांची भाषा एकच असते: 'स्वखुशीने'. तो शब्द पुरावा म्हणून धरू नका.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

विषय कुठलाही असो, कागद घेऊन चार ओळी लिहा.

१. मी जो बदल अभ्यासतोय, त्याने कोणती नळी बदलली?
२. ती बदलल्यावर बाकी कुठल्या नळ्यांतून पाणी जाऊ शकतं? त्यातल्या किती मी मोजतोय?
३. बदल झालाच नसता तर काय झालं असतं, हे मला कुणाकडे बघून कळणार?
४. फरक दिसायलाच नको अशी माझी जागा कुठली?

दुसऱ्या ओळीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. माणसं कायद्याला, औषधाला, योजनेला, भावाला उत्तर देतात. खडकाचं किंवा मिठाच्या द्रावणाचं तसं नसतं. ज्यांच्याकडे पैसा आणि वकील आहे ती माणसं जास्त लवकर उत्तर देतात.

आता त्या दोन बहिणींकडे परत येऊ. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की मुलीचा हक्क जन्माने आहे, २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही. कायद्याने आता थोरली आणि धाकटी एका रांगेत आहेत, आधीच रीतसर वाटणी झालेली नसेल तर. सातबाऱ्यावर त्या कुठे आहेत हा प्रश्न मात्र अजून उघडा आहे. नांदेड-लातूरच्या फेरफारांवर बसून तो कोणीतरी मोजायला हवा. तुमच्यापैकी कोणी मोजणार असेल तर सुरुवात आपल्याच घरच्या सातबाऱ्यापासून करा. आत्याचं नाव शोधा. नसेल तर कोणत्या फेरफाराने गेलं ते बघा.